चिमुकलं स्वयंपूर्ण घर: आधी छप्पर मोजा, मग पलंग

छोट्या घरांचे व्हिडिओ बघायला छान वाटतात. जिन्याच्या प्रत्येक पायरीत खण, भिंतीतून उघडणारं टेबल, छताला भिडलेला पलंग. बघणाऱ्याचं सगळं लक्ष जागा कशी वाचवली याकडे असतं. पण तेच घर बाहेरची वीज, नळाचं पाणी आणि गटाराची जोडणी यांच्याशिवाय चालवायचं म्हटलं, की जागेचं कोडं हे त्यातलं सोपं कोडं ठरतं. घर लहान केलं म्हणून राहणाऱ्याची तहान, अंघोळ, श्वास आणि पोट लहान होत नाही. आणि या सगळ्याची सोय ज्या छपराच्या भरवशावर करायची, ते छप्पर मात्र घराबरोबर आक्रसत जातं.

‘अतिशय छोटं’ आणि ‘स्वयंपूर्ण’ या दोन अटी एकमेकींना विरुद्ध दिशेला ओढतात. म्हणून अशा घराचा आराखडा पलंगापासून सुरू करण्यात अर्थ नसतो. आधी छपरावर काय पडतं ते मोजायचं, ते किती दिवस साठवावं लागेल ते बघायचं, आणि त्यातून जे घर उभं राहतं त्यात पलंग बसवायचा.

ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुकारानं १९५२च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोपटी बांधून घेतली. लांबी-रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर, उंची २.२६ मीटर. २०१६ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि छोट्या घरांच्या चर्चेत तिचं नाव हटकून निघतं. तिच्यात स्वयंपाकघर नाही. लागूनच एक खाणावळ होती आणि तिकडे जायला आतूनच दार होतं. खोपटी सुंदर आहे यात वाद नाही, पण घराचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या जागेत ठेवून उरलेला अर्धा लहान करणं ही वेगळी कला झाली. आपल्याला इथे शेजारी नसलेलं घर हवंय.

हिशेबासाठी एकच घर घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू: बाहेरून २० फूट लांब, ८ फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे १६० चौरस फूट. राहणारी माणसं एक किंवा दोन.

पाणी: सगळ्यात आधी इथेच गाडी अडते

पावसाच्या पाण्याचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं उडतं, थोडं वाफेनं जातं. पत्र्याच्या छपरावरून साधारण ८५ टक्के हाती लागतं असं धरा. आपलं छप्पर १६० चौरस फूट, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०,२०० लिटर मिळतात. आकडा मोठा वाटतो, पण ३६५ दिवसांत वाटला की रोजचे २८ लिटर उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बहुतेक मूलभूत गरजा नीट भागायला माणशी ५० ते १०० लिटर लागतात. आपल्याकडे एका माणसापुरतेही तेवढे नाहीत.

आता छप्पर भिंतीच्या बाहेर चहूबाजूंनी फक्त एक फूट काढून बघा. घर तेवढंच राहतं, पण छप्पर २२ बाय १० म्हणजे २२० चौरस फूट होतं आणि रोजचे लिटर २८ वरून ३८ वर जातात. एका बाजूला घराइतकीच मोठी, ८ फूट रुंद पडवी जोडली तर आकडा ६६ पर्यंत पोचतो. शिवाय भिंतींवर सावली येते, पावसाचा मारा चुकतो आणि वळचणीला सामान ठेवता येतं. छप्पर भिंतीशी बरोबर कापलेली, डब्यासारखी दिसणारी छोटी घरं हल्ली फॅशनमध्ये आहेत. चित्रात ती देखणी दिसतात, पण स्वयंपूर्ण घराला तो आकार परवडत नाही.

३८ लिटरमध्ये एका माणसाचं भागतं का? भागतं, पण सवयी बदलून. पिण्याला आणि स्वयंपाकाला ५, भांड्यांना ६, हात-तोंड धुवायला ४, अंघोळीला १५ आणि आठवड्यातून एकदा ५० लिटरमध्ये कपडे धुतले तर रोजचे सरासरी ७. बेरीज ३७. साधा शॉवर मिनिटाला ८-९ लिटर सोडतो. चार मिनिटं उभं राहिलं की दिवसाचं सगळं पाणी संपलं. फ्लशची टाकी एका वेळेला ६ लिटर नेते, दिवसातून पाचदा वापरली तर ३०. म्हणजे फ्लशचा संडास की बाकी सगळं आयुष्य, असा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर पुढे बघू.

पण पाणी किती पडतं यापेक्षा ते कधी पडतं हा प्रश्न जास्त छळतो. पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असेल तर दोन हजार लिटरची टाकी बहुधा पुरते. तोच पाऊस चार महिन्यांत पडून जात असेल तर उरलेले आठ महिने, म्हणजे सुमारे २४० दिवस, साठ्यावर काढायचे. २४० गुणिले ३८ म्हणजे ९,१०० लिटर. नऊ घनमीटर. हे डोळ्यांसमोर आणायचं तर आपल्या घराच्या सगळ्या जमिनीखाली दोन फूट खोल टाकी लागेल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि ती भरल्यावर नऊ टन वजन.

चाकांवरच्या घराचं स्वप्न इथेच निकालात निघतं. युरोपात मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरची एकूण वजनमर्यादा साडेतीन टन आहे. त्यात घर आणि सामान बसवल्यावर पाण्याला दोन-तीनशे लिटर उरले तरी नशीब. चाकांवरचं घर स्वयंपूर्ण असतं ते पुढच्या नळापर्यंत. हलतं घर हवं की स्वतःच्या पाण्यावर जगणारं, हे पहिल्या दिवशीच ठरवावं. दोन्ही धरायला गेलं की महागडी तडजोड हाती येते. इथून पुढे आपलं घर जमिनीवर आहे.

साठवलेलं पाणी प्यायच्या लायकीचं ठेवणं हेही काम आहेच. पन्हाळीला जाळी हवी. प्रत्येक पावसाचा पहिला लोंढा छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतो. तो टाकीत न जाता आपोआप बाजूला पडेल अशी आडवाट पाइपला ठेवायची. पहिला एक मिलिमीटर सोडायचा म्हटलं तर आपल्या छपराला जेमतेम २० लिटर. टाकी अपारदर्शक हवी, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. पिण्याच्या पाण्याला आधी बारीक गाळणी, मग कोळशाची, शेवटी अतिनील दिवा. हा क्रम उलटा चालत नाही, कारण पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आडोशाला लपतात आणि दिव्याचा उपयोग होत नाही.

जे आत गेलं ते बाहेरही येणार

संडासाबद्दल बोलायला लोक लाजतात आणि आराखड्यात तो शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यात कोंबतात. खरं तर स्वयंपूर्ण घर चालतं की फसतं, ते इथे ठरतं.

फ्लश परवडत नाही हे वर आलंच. मग कोरडा संडास. त्याची सगळी युक्ती एका गोष्टीत आहे: मूत्र आणि विष्ठा भांड्यातच वेगळी करायची. माणूस दिवसाला साधारण एक ते दीड लिटर मूत्र सोडतो आणि विष्ठा दोनशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही एकत्र झाली की जंतू मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात, सगळं ओलं राहतं, कुजतं आणि घाण वास सुटतो. वेगळी ठेवली तर विष्ठेवर मूठभर लाकडाचा भुसा किंवा राख टाकून ती सुकू देता येते. भांड्याखालून छपराबाहेर जाणारा पाइप आणि त्यात दोन-तीन वॅटचा छोटा पंखा बसवला की हवा कायम खोलीतून भांड्यात ओढली जाते, भांड्यातून खोलीत येत नाही.

विक्रेते ‘कंपोस्ट संडास’ म्हणून जे विकतात त्यातल्या बहुतेकांत कंपोस्ट होत नाही, नुसतं सुकणं होतं. घरातली पेटी त्या मानानं फार लहान असते आणि रोज नवीन माल पडत असतो. रोगजंतू मरायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की २० अंशांपेक्षा उबदार हवेत सुकलेली विष्ठा वर्षभराहून जास्त आणि थंड हवेत दीड ते दोन वर्षं तशीच ठेवावी, मगच मातीत मिसळावी. म्हणून घराबाहेर झाकणाच्या निदान दोन मोठ्या पेट्या लागतात: एक भरत असलेली, एक भरून विश्रांती घेत असलेली. त्यांची जागा आराखड्यात काढा. घर १६० फुटांचं असलं तरी त्याचं आवार तेवढ्यात मावत नाही.

अंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याचं काम सोपं आहे, पण एक पथ्य पाळावं लागतं: ते साठवायचं नाही. एक दिवस टाकीत राहिलं की ते सडायला लागतं. तेलकट थर अडवणारं एक लहान कुंड, पुढे खडी आणि वाळूत लावलेल्या लव्हाळ्यांचा वाफा, माणशी एक-दोन चौरस मीटर, एवढ्यावर भागतं. त्यावर झाडं वाढतात. भाजीपाल्याबद्दल मात्र भलत्या अपेक्षा नकोत. अन्नाची स्वयंपूर्णता हा शेतीचा विषय आहे, घराचा नाही. एका माणसाचं वर्षाचं धान्य परसात पिकत नाही.

हवा, ओल आणि ऊब

माझ्या मते छोट्या घराचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. कारण तो चित्रात दिसत नाही.

भिंतीत चार-पाच इंचांचा उष्णतारोधक थर आणि दोन्ही बाजूंचं आवरण धरलं की आतली मापं सुमारे ७ फूट २ इंच बाय १९ फूट २ इंच होतात. १६० चौरस फुटांतले २३ भिंतींनीच खाल्ले. बरेच जण इथे थर पातळ करून जागा वाचवतात, आणि ते चूक आहे. लहान वस्तूला तिच्या पोटाच्या मानानं कातडी जास्त असते. चाळीस बाय तीस फुटांच्या दुमजली घरात दर चौरस फूट जमिनीमागे भिंती, छप्पर आणि तळ मिळून साधारण दोन चौरस फूट बाहेरच्या हवेला तोंड देतात. आपल्या घरात साडेपाच. म्हणजे उन्हाळ्यात ते लवकर तापतं, हिवाळ्यात लवकर गार पडतं. मोठ्या घराला जो थर पुरतो तो इथे अपुरा असतो.

काचलोकरीचा चार इंचांचा थर उष्णता अडवण्यात जवळजवळ सहा फूट जाडीच्या विटांच्या भिंतीइतका असतो. पीआयआर नावाच्या फोमचे पत्रे तेच काम अडीच इंचांत करतात. ते महाग असतात, पण एवढ्याशा घरात प्रत्येक इंच मोलाचा असल्यानं इथे ते पैसे वसूल होतात. मात्र चौकट लोखंडाची असेल आणि खांब आतून बाहेरपर्यंत सलग जात असतील, तर उष्णता त्यांच्यातूनच पळते. लाकडापेक्षा लोखंड शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहतं. त्यामुळे थराची एक पट्टी खांबांच्या बाहेरूनही फिरवावी लागते. जहाजावरचे जुने कंटेनर घर म्हणून वापरताना नेमकी हीच अडचण येते. मुळात आतली रुंदी २.३५ मीटर, त्यात दोन्ही बाजूंनी थर लावल्यावर उरतो तो रेल्वेच्या डब्यातला बोळ.

आता घर घट्ट बंद केलंत. दोन माणसं रात्री झोपली. सामान वजा जाता आत सुमारे ३० घनमीटर हवा आहे. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २४ लिटर. म्हणजे फटच नसेल तर दर तासाला हवेतलं प्रमाण दहा लाखांत ८०० भागांनी वाढतं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं आणि १,००० च्या पुढे गेलं की खोली कोंदट समजतात. ती पायरी तासाभरातच ओलांडली जाते. सकाळी डोकं जड होतं ते उगाच नाही.

पाण्याचा हिशेब याहून मजेशीर आहे. दोघं मिळून रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. २० अंशांना एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम वाफ धरू शकते. ३० घनमीटर म्हणजे अर्धा लिटर, आणि तीही अगदी कोरड्या हवेपासून सुरुवात केली तर. प्रत्यक्षात हवा आधीच निम्मी भरलेली असते. उरलेलं पाणी कुठे जाणार? खिडकीच्या काचेवर, लोखंडी खांबाच्या आतल्या बाजूवर, कपाटामागच्या गार भिंतीवर. आणि हमखास एका ठिकाणी: फळीवर थेट टाकलेल्या गादीच्या पोटाला. वरून अंगाची ऊब आणि घाम, खालून गार फळी, मध्ये हवा नाही. गादी उचलून बघितली की काळे ठिपके. म्हणून पलंगाची तळफळी सलग नको, पट्ट्यांची हवी, आणि खाली हवा खेळायला दोन-तीन इंच मोकळे हवेत. त्या जागेत सामान भरायचा मोह आवरावा.

उघड्या ज्योतीवर स्वयंपाक केला तर आणखी भर पडते. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. तीस घनमीटरच्या खोलीत हा वायू साठायला वेळ लागत नाही. धुराचं आणि कार्बन मोनॉक्साइडचं अशी दोन्ही इशारायंत्रं या घरात शोभेच्या वस्तू नाहीत.

हवामान सौम्य असेल तर उपाय स्वस्त आहे: समोरासमोरच्या भिंतींत एक खिडकी खाली, एक वर. गरम हवा वरून जाते, ताजी खालून येते. कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाळ्यात मात्र खिडकी उघडली की कमावलेली उष्णता किंवा गारवा गेला. तिथे बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवतात. ते सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत उष्णता परत मिळवतं आणि छोट्या यंत्राला दहा वॅटच्या आत-बाहेर वीज पुरते.

थंड मुलखात एक गोम आहे. आपल्या घराला बाहेरच्यापेक्षा २० अंश जास्त उबदार ठेवायला, चांगला थर असूनही, सतत साडेसहाशे वॅट तरी लागतात, हवाबदलाचे वेगळे. दोन जागी माणसं स्वतःच मिळून दोनशे वॅट देतात, हा भाग चांगला. पण बाजारातली लहानशी लाकडाची शेगडीदेखील सहसा तीन-चार हजार वॅट देते. ती पेटवली की अर्ध्या तासात अंगातले कपडे उतरवायची वेळ येते, विझवली की तासाभरात दात वाजतात, कारण हलक्या भिंतींत ऊब धरून ठेवणारं वजन नसतं. शेगडी हवीच असेल तर तिला जळायला लागणारी हवा स्वतंत्र नळीनं बाहेरून द्या, आणि तिच्याभोवती विटा-दगडांचं भरपूर वजन उभं करा.

उष्ण मुलखात छपरावर दुसरं छप्पर हा उत्तम उपाय. आणि ते दुसरं छप्पर फुकट मिळतं: सौर पॅनेल पत्र्यापासून पाच-सहा इंच उचलून बसवली की खालून वारा वाहतो, पत्र्यावर सावली पडते. पॅनेलही थोडी गार राहतात, आणि ती तापली की दर अंशामागे वीज सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, त्यामुळे दोन्हीकडून फायदा.

वीज

एवढं पाण्याचं आणि हवेचं रडगाणं झाल्यावर वीज सोपी वाटते, आणि ती सोपीच आहे. चारशे वॅटचं पॅनेल साधारण दोन चौरस मीटरचं असतं. चार पॅनेल म्हणजे आठ चौरस मीटर. आपल्या वीस चौरस मीटरच्या छपरावर ती आरामात बसतात, आणि त्यांच्यावर पडलेला पाऊसही पन्हाळीतच जातो. दिवसाला चार तासांइतकं पूर्ण ऊन धरलं आणि एकूण पाव भाग तोट्यात गेला तरी ४.८ युनिट मिळतात.

खर्च? दिवे १५० वॅट-तास, कमी विजेचा पंखा ३५०, फ्रिज ५००, लॅपटॉप आणि फोन ३५०, पंप आणि हवाबदल मिळून २००. जेमतेम दीड युनिट. यात एक छुपा खाऊ आहे: इन्व्हर्टर. काहीही चालू नसताना तो स्वतःपुरते वीस वॅट घेत असेल तर दिवसाला ४८० वॅट-तास, म्हणजे फ्रिजइतके. म्हणून दिवे, पंप, पंखे शक्यतो थेट बॅटरीच्या विजेवर चालणारे घ्यावेत आणि इन्व्हर्टर गरजेपुरता चालू करावा. बॅटरीची जोडणी १२ व्होल्टला न ठेवता ४८ ला ठेवणं शहाणपणाचं. बाराशे वॅटच्या शेगडीला १२ व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह लागतो आणि त्यासाठी अंगठ्याएवढी जाड वायर. ४८ व्होल्टवर २५ अँपिअर.

विजेनं उष्णता करायची म्हटली की मात्र हिशेब उड्या मारतो. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. चाळीस लिटर पंचवीस अंशांनी तापवले की १.१६ युनिट, बाकी सगळ्या घराच्या पाऊणपट. स्वयंपाकाचा आणखी एक. त्यामुळे पाणी दुपारी तापवायचं, बॅटरी भरल्यावर जी वीज वाया जाणार असते तिच्यावर. गरम पाण्याची चांगली गुंडाळलेली टाकी ही सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे.

बॅटरी किती घ्यायची हे ऊन ठरवत नाही, ढग ठरवतात. गच्च आभाळाच्या दिवशी पॅनेल नेहमीच्या दहा-वीस टक्केच देतात. दोन-अडीच दिवस रोजचे दोन युनिट काढायचे तर पाच युनिटचा साठा हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तो ५० किलोच्या आसपास देते. लेड-ॲसिडची घेतली तर ती निम्म्याहून जास्त रिकामी करता येत नाही, म्हणून दहा युनिटची घ्यावी लागते, तीनशे किलोच्या घरात. लिथियमची एक अट: शून्य अंशांखाली तिला चार्ज करायचं नाही. थंड प्रदेशात ती उघड्यावरच्या पेटीत ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

झाडाखाली घर बांधण्याचा मोह सगळ्यांना होतो. सावली हवीहवीशी असते, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी त्या ओळीतली वीज बरीच पडते आणि पन्हाळ पानांनी तुंबते.

आता पलंग

आत १३७ चौरस फूट उरले. आडवं उघडणारं अडीच फुटी दार फिरताना पाच चौरस फूट जमीन अडवतं, त्यामुळे आतलं प्रत्येक दार सरकतं हवं. चालायची वाट दोन फुटांपेक्षा अरुंद केली की दोन माणसं रोज एकमेकांवर धडकतात.

माळ्यावर झोपायचं गणितही कागदावर करून बघा. बाहेरची उंची १० फूट, छप्पर आणि तळ यांची जाडी वजा जाता आत ९. खाली उभं राहायला ६ फूट ४ इंच, माळ्याची फळी ४ इंच. वर उरले २ फूट ४ इंच. गादी टाकल्यावर उठून बसायला निदान सव्वातीन फूट लागतात. म्हणजे अंथरुणात सरपटत शिरायचं आणि मध्यरात्री शिडी शोधत खाली यायचं. शिवाय घरातली सगळ्यात गरम, दमट हवा तिथेच साठते. आग लागली तर धूरही. माळा करायचाच असेल तर घर साडेअकरा-बारा फूट उंच करा आणि माळ्यावर माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी ठेवा. नाहीतर पलंग खालीच बरा.

घडीच्या फर्निचरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रोज उघडून मिटायचा पलंग काही दिवसांनी उघडाच राहतो आणि मग खोलीच हरवते. रोज लागणारी गोष्ट हलवावी लागू नये. पाहुण्यांची गादी, जास्तीचं टेबल वगैरे खुशाल घडीचं असू द्या. स्वयंपाकाच्या जागेसाठी मार्गारेटे श्युट-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंचं काम बघण्यासारखं आहे. १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर नजरेसमोर ठेवून १.९ बाय ३.४४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. कामाचा क्रम आधी, कपाटं नंतर. आपल्याला त्याच्या निम्म्यात भागवायचं आहे, पण क्रम तोच.

आणि ओले कपडे! चित्रात ते कधीच नसतात. एक बादली धुणं आत वाळलं की दोन-तीन लिटर पाणी हवेत, म्हणजे वरचा सगळा हिशेब मातीत. पडवीत, छपराखाली, वारा लागेल अशी दोरी आधी आखा. तसंच चपला, केरसुणी आणि कचऱ्याचा डबा.

नियमांचं थोडक्यात: लहानात लहान खोली केवढी, छत किती उंच, कोरडा संडास चालतो का, पावसाचं पाणी पिता येतं का, हे ठिकाणागणिक बदलतं. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत २०१८ साली ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. जागा घेण्याआधी चौकशी करावी.

शेवटचं काम दुरुस्तीच्या जागा सोडण्याचं. टोकियोतल्या नाकागिन कॅप्सूल टॉवरमध्ये १९७२ साली १४० चिमुकल्या खोल्या दोन काँक्रीटच्या मनोऱ्यांना बोल्टनं अडकवल्या होत्या. पंचवीस वर्षांनी खोली काढायची, नवी लावायची, अशी तिचे वास्तुकार किशो कुरोकावा यांची कल्पना. एकही खोली कधी बदलली गेली नाही, आणि २०२२ साली इमारत उतरवली. आपल्या घरात पंप सगळ्यात आधी जाईल, मग गाळण्या, मग इन्व्हर्टर, बॅटरी त्यानंतर. हे सगळं एकाच भिंतीत, बाहेरून उघडणाऱ्या फळीमागे ठेवा. पाइप भिंतीत गाडू नका, पट्टीखाली झाकून न्या. आणि जमिनीखालची नऊ हजार लिटरची टाकी एकसंध न करता दोन भागांत करा, मध्ये झडप, प्रत्येकाला वेगळं झाकण, झाकण पलंगाखाली न येता वाटेत येईल असं. म्हणजे एका भागातलं पाणी वापरत असताना दुसरा रिकामा करून घासता येतो.